दोन्या बासिलियाचा सकाळचा प्रश्न

रविवारी दुपारी आमच्या कोल्पानीच्या फुटबॉल मैदानावर एक जुनी जीप गचके खात फिरते. स्टिअरिंगवर दोन्या, म्हणजे बाईसाहेब, बासिलिया असतात, आमच्या दवाखान्याच्या प्रमुख. वय साठीकडे झुकलेलं, चष्मा नाकावर घसरलेला. शेजारी बेकरीवाला नेस्तोर बसून ओरडत असतो, "क्लच, ताई, क्लच!" गाव मैदानाच्या भिंतीवर बसून हसतं. हसोत बापडे. त्या मंगळवारी ग्लास कुणी कुणी भरला होता ते मला चांगलं आठवतं, आणि भिंतीवर बसलेल्यांत ते सगळे असतात.

मी इर्मा, दवाखान्याची स्वयंपाकीण. सकाळी मक्याची गरम पेज, दुपारी सूप आणि सुकवलेले बटाटे. डॉक्टर आमच्याकडे सक्तीचं एक वर्ष काढायला येतात, पठारावरच्या थंडीला शिव्या घालतात आणि वर्ष सरलं की निघून जातात. त्यांच्या भरवशावर दवाखाना चालायचा तर गावाचं कल्याणच झालं असतं. शेवटी कारभार एका नर्सच्या हाती द्यावा लागला, आणि ती नर्स म्हणजे दोन्या बासिलिया.

बाईंनी पहिल्याच सकाळी सगळ्यांना अंगणात उभं केलं. झाडूवाली, प्रयोगशाळेचा माणूस, ड्रायव्हर, मी, सगळेच. आम्हाला वाटलं, आता भाषण. बाईंनी एवढंच विचारलं, "आज कोण मरू शकतं?"

ड्रायव्हर सेवेरोने तर हळूच छातीवर क्रूस काढला. असं अभद्र सकाळी सकाळी कुणी विचारतं का! पण बाई उत्तर मिळेपर्यंत हलल्या नाहीत. मग कुणीतरी चाचरत म्हणालं, तिसऱ्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला धाप लागलीय. झालं. शहरातून पाहुणे येणार म्हणून ऑक्सिजनच्या ज्या सिलिंडरला कपड्याने पुसून ठेवलं होतं, तो सिलिंडर म्हाताऱ्याच्या उशाशी गेला. तेव्हापासून रोज सकाळी तोच प्रश्न, आणि दिवसभराची कामं त्याच्या उत्तरावरून ठरायची. नगरपालिका दवाखान्याला कमान बांधून देणार होती, दोन्ही बाजूंना दगडी सिंह. बाई म्हणाल्या, कमानीखालून गेल्याने कुणी बरं होत नाही, मला खोल्या द्या. खोल्या झाल्या. लांबच्या वस्त्यांवरच्या गरोदर बायका दिवस भरत आले की तिथे येऊन राहू लागल्या. सिंह गेले म्हणून गावाने वर्षभर तोंड वाकडं केलं.

त्या खोल्यांत सान्तुसा आली ती बाईंच्या शब्दावर. विला पाम्पा वस्तीवरची पोर, पहिलटकरीण. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावरच बसली होती. कळा आल्या की रक्त जाणार, आणि आमच्याकडे ना शस्त्रक्रिया ना रक्त. शहरात नेलं तरच जगणार, आणि शहर गाडीने तीन तासांवर. सासू म्हणाली, आम्ही सगळ्या घरातच बाळंत झालो. बाई स्वतः चालत वस्तीवर गेल्या आणि तिच्या नवऱ्यासमोर, लिनोसमोर, जमिनीवर बसल्या.

"लिनो, तिला घेऊन ये. गाडी दारात उभी असेल. हा माझा शब्द."

लिनो मुलखाचा अबोल. दुसऱ्या दिवशी बायकोचं बोचकं पाठीवर टाकून तो तिला घेऊन आला.

गाडी म्हणजे नवी कोरी रुग्णवाहिका. ती आली तेव्हा नगराध्यक्षांचं म्हणणं होतं की उद्घाटनापर्यंत ताडपत्रीखाली ठेवा. बाईंनी दुसऱ्याच दिवशी ताडपत्री काढून एका पोटफुगीच्या माणसाला तिच्यातून शहरात धाडलं. साहेब फुगून बसले, आणि पेट्रोल नगरपालिकेकडून येतं. त्यात भर म्हणजे सेवेरोच कुरकुरू लागला. गाडीची चाल्या झाली नव्हती ना! नव्या गाडीच्या चाकांवर बिअर शिंपडायची, कागदी फिती बांधायच्या, धरणीमायेला पाजायचं आणि स्वतःही प्यायचं. त्याशिवाय गाडी रक्त मागते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घाटात एक लामा गाडीखाली आला तेव्हा सेवेरोचा चेहरा पांढरा पडला होता.

शेवटी साहेब आणि बाई माझ्या स्वयंपाकघरात समोरासमोर बसले. कार्निव्हलच्या मंगळवारी चाल्या करायची, एवढं ठरलं.

"गाडी चौकात आणायची. बँडच्या मागून फिरवू," साहेब म्हणाले.

"गाडी आवारातून हलणार नाही."

"मग सजवू तरी. घराघरातली चांदीची ताटं, शाली, चमचे. पत्रा दिसता कामा नये."

"दारं उघडली पाहिजेत. काच मोकळी, चाकं मोकळी."

"म्हणजे काय बाई, आरशाला फीत बांधून टाळ्या पिटू?"

"दारावर तुमचं नाव रंगवा. हवं तेवढं मोठं."

साहेब विरघळले. मी पेज ढवळत मनात म्हटलं, वा गं बाई! मग बाईंनी शेवटचं काढलं, "आणि सेवेरो पिणार नाही."

यावर साहेबांच्या आधी दारात उभा असलेला सेवेरोच बोलला. "दोन्या, ज्याच्या हातात चाक तोच कोरडा? मग चाल्या कुणाची? एक लामा घेतलाय गाडीने, पुढच्या खेपेला माणूस घेईल. तसं असेल तर किल्ल्या घ्या, मी नाही चालवणार."

बाई पेचात पडल्या. दुसरा ड्रायव्हर आणायचा कुठून? "सगळं जमिनीला पाज," त्या म्हणाल्या. "तू नुसते ओठ ओले कर."

"ओठच ओले करतो," सेवेरो म्हणाला, आणि तेव्हा तो मनापासून बोलत होता.

साहेब गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "सगळ्यावरच अडून बसले, इर्मा, तर उद्या माझं कुणी काहीच ऐकणार नाही. कशावर भांडायचं ते निवडावं लागतं." मला ते पटलं होतं. अजूनही पटतं, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

मंगळवारी सकाळी अंगणात नेहमीचा प्रश्न झाला. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. सान्तुसा. डॉक्टर कार्निव्हलच्या सुट्टीवर होते. बाईंनी टाकी भरून घेतली, ऑक्सिजन तपासला, गाडीचं तोंड फाटकाकडे करून ठेवलं. सान्तुसा खोलीच्या पायरीवर उन्हात बसून टोपडं विणत होती. म्हणाली, "माझ्यासाठी केवढी तयारी! राणीच झाले की मी." बाईंनी तिची वेणी हलकेच ओढली.

दुपारी मंडळी आली. साहेब आणि त्यांची बायको, बाजारातल्या बायकांचा संघ, ड्रायव्हर लोकांची संघटना, मागून बँड. फिती उडाल्या, चाकांवर बिअरचा फेस झाला. साहेबांनी पहिला ग्लास सेवेरोला दिला. त्याने अर्धा जमिनीवर ओतला, ओठ ओले केले. पण आमच्याकडे ग्लास कधी एकटा येत नाही. देणारा म्हणतो, "एका पायावर लंगडत जाणार का?" आणि दुसरा भरतो. नवऱ्याचे दोन झाले की बायकोचे दोन. तिचे घेतले आणि बाजारवालीचे नाही, तर तो तिचा अपमान. दोन्या बासिलिया याच मातीतल्या, त्यांना हे ठाऊक नव्हतं थोडंच. पण त्यांचं लक्ष ठेवायचं राहून गेलं, कारण नाचताना पडून डोकं फुटलेला एक जण आत आणला होता आणि त्या टाके घालत होत्या. तेवढ्यात संघटनेवाल्यांनी उसाच्या दारूचा कॅन उघडला. आपल्याच भाईबंदांना नाही कसं म्हणायचं?

लिनो पळत आला. त्याचे रक्ताने माखलेले हात बघूनच कळलं.

बाई बाहेर धावल्या. "सेवेरो!"

सेवेरो चाकाला टेकून जमिनीवर बसला होता. केसांत रंगीत कागद. "आलो, आलो, दोन्या," म्हणत त्याने उठायचा प्रयत्न केला, गुडघ्यावर आला आणि तसाच कलंडला. बाईंनी त्याच्या खिशातून किल्ल्या काढल्या. साहेब झुलत पुढे आले, "द्या इकडे, मी नेतो! माझं नाव आहे दारावर!" बाईंनी त्यांना दोन्ही हातांनी ढकललं. गावच्या नगराध्यक्षाला लोळताना मी पहिल्यांदा बघितलं, पण हसायला कुणाला सुचतंय!

"शुद्धीत कोण आहे?" बाई ओरडल्या. "गाडी चालवणारा, शुद्धीतला, एक माणूस!"

गावातले झाडून सगळे ड्रायव्हर तिथे होते. एकजात सगळे प्यायलेले. बँडवाल्याचा ढोल तेवढा चालू होता, कारण त्याला कुणी थांब म्हटलंच नव्हतं.

मग बाईंना नेस्तोर आठवला. तो नव्या पंथाच्या चर्चचा. ती माणसं पीत नाहीत, म्हणून अशा दिवशी त्यांना कुणी बोलावत नाही. ती दारं लावून घरात भजनं म्हणतात. त्याचं घर नदीपल्याड. मी धावले. माझ्यासारख्या जाड बाईने किती धावावं! मी दार बडवलं, त्याने माझा चेहरा बघितला आणि पिठाच्या हातानेच निघाला. आम्ही पोहोचलो तोवर सान्तुसाच्या अंगाखालची दुसरी घोंगडी भिजली होती. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "मावशी, थंडी का वाजतेय एवढी?" मी माझी शाल तिच्यावर टाकली. दुसरं काय करणार होते मी?

गाडी गेली. ऊन कलायच्या आत परत आली, सायरन न वाजवता, हळूहळू. आरशाला बांधलेल्या फिती अजून वाऱ्यावर उडत होत्या. वाटेतल्या मिठागरापाशीच सान्तुसा गेली, पोटातल्या जिवासकट.

चौकशीला शहरातून दोघे आले. टाकी भरलेली होती, ऑक्सिजन होता, टायर नवे होते. त्यांनी सगळं ठीक ठरवलं आणि साहेबांकडे जेवायला गेले. सेवेरो बाईंच्या पायांवर पडून रडला; त्यांनी त्याला कामावरून काढलं नाही. त्या म्हणाल्या, "ओठ ओले करायला मीच सांगितलं होतं." साहेब मात्र आजही सांगतात की बाईंनी ढकललं नसतं तर मी वेळेत पोहोचवली असती.

पुढच्या आठवड्यात लिनो बायकोचं सामान न्यायला आला. दोन लुगडी, एक कंगवा, अर्धवट विणलेलं टोपडं. सगळं त्याने बोचक्यात बांधलं. दोन्या बासिलिया अंगणात त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याने शिव्या द्याव्यात, हात उगारावा, काहीतरी करावं म्हणूनच बहुतेक.

"लिनो," त्या म्हणाल्या, "मी तुला शब्द दिला होता."

लिनोने धुऊन पुसून ठेवलेल्या गाडीकडे बघितलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, रागही नव्हता. तसा त्याचा स्वभावच नव्हता.

"शब्द पाळलात की तुम्ही, दोन्या," तो म्हणाला. "गाडी दारातच उभी होती."