नारळाचा मान

दामू कुणाला नुसता हात देत नसे. होडीत चढणारा असो की रिक्षात, तो सरळ बखोट धरून आत ओढी. आमच्या कोपरी गावातल्या बायका लाजत, म्हातारे शिव्या घालत. त्याचं एकच पालुपद, "आधी मानूस आत घे, मंग नाव इचार." हे वाक्य खरं तर माझ्या वडिलांचं. होडीवर त्यांनी आम्हा दोघांनाही ते शिकवलं होतं. गाजलं मात्र दामूच्या नावावर.

दामू माझा चुलतभाऊ. तो वायुदलात गेला, हेलिकॉप्टरच्या दाराशी बसणारा गनर झाला. मी मागे राहून होडी, जाळी आणि दोन्ही घरच्या म्हाताऱ्या सांभाळल्या. शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेला, तिथून तो उजव्या हाताला गोळी लागून परतला, तेव्हा "लागलंय जरासं" एवढंच बोलला. खरं काय घडलं ते कळलं सांगलीकडच्या एका जवानाकडून. कुबड्या घेऊन तो आमच्याकडे पेढे द्यायला आला होता.

"गोळ्या चालूच हुत्या," तो माझ्या आईला सांगत होता. "आमी तिघं भाताच्या शेतात पडलेलो. पायलट वरडतुया, चला, चला! ह्यो गडी खाली उडी टाकून एकेकाला वडत घिऊन गेला. माझ्या येळंला ह्याच्या हाताला लागली, तरी बखोट सोडलं न्हाई."

आई ढसाढसा रडली. मीठमोहऱ्यांनी तिनं दामूची दृष्ट काढली. वादळातून मी एकट्यानं होडी परत आणली होती, तेव्हा जाळं वाहून गेलेलं पाहून तिनं विचारलं होतं, "जालं कुठं हाय?" माझा जळफळाट झाला. का होऊ नये?

मला मिरवायला एकच जागा होती. नारळी पुनवेला सोनेरी कागदात मढवलेला नारळ खाडीला अर्पण करायचा मान बाबांच्या मागे माझा होता. त्या वर्षी गावच्या पाटलांनी जाहीर केलं, "यंदा नारल दामूच्या हातानं." मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

वाजतगाजत सगळे खाडीवर आले. दामू होडीच्या टोकाशी उभा राहिला. नारळ दोन्ही हातांनी अलगद पाण्यात सोडायचा असतो. त्याच्या उजव्या हाताची बोटं वळेनात, आणि नारळ निसटून होडीतच आपटला. मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तेवढ्यात त्यानं माझं बखोट धरून मला पुढे ओढलं.

"घे रं, तूच दे. दर्या तुलाच वलखतो."

नारळ मी दिला, टाळ्या त्याला. "केवढं मन पोराचं!" पुढे दरवर्षी हेच. नारळ माझ्या हातात आणि लोक म्हणणार, दामूनं दिलेला मान. माझंच मला दान! मग मी तणतणत त्याच्या घरी जाई, तोंडाला येईल ते बोले. तो ऐकून घेई आणि चहा सांगे.

नव्वदच्या दशकात, ऐन चाळिशीत, तो झोपेतच गेला. स्मशानातून परतताना पाटील म्हणाले, "मोठ्या मनाचा व्हता. तुलाबी मान देऊन गेला."

माझं डोकं सणकलं. मी तसाच तरातरा निघालो, त्याच्या ओट्यावर चढलो आणि मोठ्यानं हाक मारली, "दाम्या, बाहेर ये!"