बिनधुराचं वेल्डिंग

परळच्या हॉस्पिटलातून माझ्या धाकट्या जावेचा, शैलाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "ताई, गेले हो हे…" एवढंच बोलली.

विजू माझा दीर. मी लग्न होऊन घोडपदेवच्या चाळीत आले तेव्हा हाफ पँटीत होता, माझ्याच हातचं जेवून मोठा झाला. पुढे शिवडीला बोटी दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात वेल्डर झाला. अख्खा जन्म धुरात गेला हो. बोटीच्या पोटात शिरायचं, कोंदट जागा, तोंडाला नुसता रुमाल… जिन्यातल्या खोकल्यावरूनच कळायचं, विजू आला.

मग कारखान्यात नवं मशीन आलं. फ्रिक्शन स्टर वेल्डिंग म्हणतात त्याला. खंडेनवमीच्या पूजेला आम्हाला बोलावून त्यानं ते चालवून दाखवलं. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे दोन जाड पत्रे शेजारी-शेजारी घट्ट आवळलेले. सांध्यात एक गरगर फिरणारा खुंटा घुसतो आणि सावकाश पुढे सरकतो. धातू वितळत नाही, नुसता मऊ होतो आणि दोन्हीकडचा कणकेसारखा एकमेकांत मळला जातो. ठिणगी नाही, धूर नाही. पण माझं लक्ष विजूकडे. खुंटा या टोकापासून त्या टोकाला जाईपर्यंत त्यानं श्वासच घेतला नाही!

"अरे मेल्या, दम घे की!"

"सवय गं वहिनी. सांधा धरला की श्वास बंद. धूर नको ना आत जायला."

"पण इथं धूर आहे कुठे?"

"नाहीच ना!" म्हणाला आणि इतका हसला, की खोकतच खाली बसला.

फुफ्फुसं तोवर गेली होती. डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं तर हा त्यांच्याशीच भांडला, "साहेब, आत्ता कुठे चांगल्या हवेत काम मिळालंय…" हॉस्पिटलातही एकच ध्यास, बरं व्हायचं आणि मशीनवर जायचं.

शेवटच्या भेटीत सिस्टरनं त्याच्या तोंडाला वाफेच्या औषधाचा मास्क लावला. आत पांढरं जमलं आणि विजूनं श्वास रोखला. "काका, आत ओढा ना," ती बिचारी सांगून थकली. हा आपला डोळे मिटून, ओठ आवळून… मी हात धरला. "विजू, धूर नाही रे बाबा, औषध आहे." तेव्हा माझ्याकडे बघत त्यानं थोडं थोडं आत घेतलं. पण त्याचा आता काय उपयोग होता…

शैलाकडे अजून माणसं भेटायला येतात. परवा गावच्या एक मावशी आल्या. फोटोला हार घातला, पिशवीतून उदबत्त्या काढल्या आणि काडेपेटी मागितली. शैला पटकन उठली.

"नको मावशी," म्हणाली. "त्यांना धूर नको."