हार्वेस्टरच्या पाळीचा प्रोग्राम

आषाढातला पहिला रविवार, सकाळी साडेनऊ. ठिकाण: वाशीम, बसस्थानकामागच्या गल्लीतली एक खोली. हजर: मी, शिकवणी घेणारी मॅडम, तिची आई, खाटेवर मेथी निवडत, लॅपटॉप एक, माझ्या मुलीने वापरून सोडलेला. गैरहजर: वीज.

कोणतीही बैठक असो, आधी तारीख आणि हजेरी लिहायची आणि मगच बोलायला तोंड उघडायचं, अशी माझी पद्धत आहे. म्हणून पहिल्या शिकवणीचीही हजेरी लिहिली. मॅडम ते बघून हसली. ती माझ्या मुलीच्या वयाची. मेडशी गाव माझं माहेर आणि तिचं आजोळ, त्यामुळे मी तिची मावशी. पण शिकवते ती मॅडम, असं मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आठवडाभर ती घरात बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. रविवारची सकाळ तिने मला दिली होती.

पन्नाशी ओलांडलेल्या बाईला पायथॉन, म्हणजे ती कम्प्युटरची भाषा, कशाला हवी, हे घरी सगळ्यांनी विचारून झालं होतं. नवरा म्हणाला, आता सैपाकही त्याच्यातूनच निघन का? त्याला उत्तर दिलं नाही, कारण खरं उत्तर लांबलचक होतं.

रिठदजवळच्या आमच्या गावात शेतकरी बायांचा एक गट आहे. मी त्याची सचिव. गटाने मागच्या वर्षी सोयाबीन काढायला हार्वेस्टर घेतलं. मशीन एक आणि घरं पुष्कळ. सोयाबीन पिकलं की थांबत नाही. उन्हात शेंगा तडकतात आणि दाणे जमिनीवर पडतात. पाळी कोणाची आधी, यावरून मागच्या हंगामात इतकी भांडणं झाली, की दोघींनी एकमेकींच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाणं बंद केलं. या वर्षी बैठकीत ठरलं: घटस्थापनेआधी सगळ्यांना मान्य होईल अशी पाळी लागली तर ठीक, नाहीतर मशीन रिसोडच्या एका ठेकेदाराला हंगामभर देऊन टाकायचं. म्हणजे आपलंच मशीन आणि आपणच त्याच्या दारात उभ्या. मी हात वर करून म्हटलं, पाळी मी लावते, आणि अशी लावते की त्यात कोणाचा हात दिसणार नाही. हात दिसू नये म्हणून कम्प्युटर. आणि कम्प्युटर कोणा दुसऱ्याने चालवला तर त्याचा हात दिसणार, म्हणून मीच शिकायचं.

मॅडमची शिकवण्याची रीत मला फार आवडली. ती माझ्या कीबोर्डला कधीच हात लावायची नाही. मी चुकत असले की ती स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. आधी मी तोंडाने सांगायचं, काय करायचं आहे, आपल्या वऱ्हाडीत, आणि मग टाइप करायचं. "तुमाले सांगता आलं तर त्याले समजन," एवढंच तिचं म्हणणं.

पहिल्याच दिवशी कळलं, की पायथॉनमध्ये यादी नावाची वस्तूच आहे. चौकोनी कंस, आत नावं, मध्ये स्वल्पविराम. मला वाटलं, इतकी वर्षं मी हेच तर करत आले. मग ती म्हणाली, यादीतला पहिला नंबर शून्य. मी ऐकेना. आमच्या गटात एखादीला शून्य नंबर दिला तर ती त्याच दिवशी राजीनामा लिहील. तिची आई मेथी बाजूला ठेवून म्हणाली, बरोबर हाय बाईचं. पण मशीनपुढे दोघींचं चाललं नाही.

अटी लिहायला शिकले. अटीच्या खालच्या ओळी आत सरकवून लिहायच्या असतात, हेही फार पटलं. माझ्या सामानाच्या याद्या तशाच असतात, किराणा बाहेर आणि डाळी-तेल आत. वाशीमहून परतताना एसटीत मी तिकिटाच्या मागे अटी लिहायची. बाजूची बाई विचारायची, पोथी हाय का? मी म्हणायची, तसंच समजा.

श्रावणात मी गावभर फिरून प्रत्येक घराची पेरणीची तारीख आणि सोयाबीनचं वाण लिहून आणलं. तारखेत वाणाचे दिवस मिळवले की पीक कधी तयार होईल ते निघतं. प्रोग्रामने ते काढलं आणि आधी पिकणारं आधी अशी रांग लावली. एका बटणात. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. मॅडमच्या आईने घाबरून विचारलं, काय चावलं का?

मग मी रांग नीट वाचली. पहिला नंबर पांदण, म्हणजे गाडीवाट, संपते त्याच्याही आतल्या वावराचा होता. त्या वावरात जायला पुढच्या दोन वावरांतून जावं लागतं आणि त्यात सोयाबीन उभं. एवढं अवजड हार्वेस्टर उभ्या पिकातून नेलं तर शेंगा झडून नुसत्या काठ्या उरतील. गावातल्या लेकरालाही हे माहीत आहे. मलाही होतं. पण ते इतकं माहीत होतं की लिहायचं सुचलंच नाही.

"मावशी, तुमी त्याले सांगतलंच नाही," मॅडम म्हणाली. "त्याले का सपान पडन?"

मग प्रत्येक घरापुढे आणखी एक खाना आला: वाट कोणाच्या वावरातून. अट अशी, की वाटेतल्याचं पीक निघाल्याशिवाय मागच्याची पाळी नाही. जोवर कोणी उरलं आहे तोवर फिरत राहा, ज्यांची वाट मोकळी आहे त्यांच्यातलं सगळ्यात आधी पिकलेलं उचल, रांगेत टाक, पुन्हा फिर. हे मी तोंडाने सांगितलं तेव्हा मॅडमने मांडीखालचे हात काढून टाळी वाजवली.

पोळ्यानंतरच्या रविवारी ते पूर्ण लिहून झालं. हजर: त्याच तिघी. वीजही हजर. बटण दाबलं. काहीच आलं नाही. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. मी म्हटलं, मॅडम, विचार करून राह्यला वाटते. आम्ही थांबलो. चहा झाला. तरी तो विचारच करत होता. आईने खाटेवरून सुचवलं, गरम झाला असन, ओला फडका ठेवा.

मॅडमने मला तो थांबवायला सांगितला आणि विचारलं, मशीन अडकलं तर तुमी काय करता? मी म्हटलं, खाली उतरून बघते, कुठे अडकलं. "मंग पाहा," ती म्हणाली. दर फेरीला कोण उरलं ते छापायची ओळ मी आत टाकली. बटण दाबलं, आणि पडदाभर त्याच दोन घरांची नावं धावायला लागली, खालून वर, थांबायचं नाव नाही.

ती दोन घरं म्हणजे दोन जावा. वाटणीनंतर त्यांचा एकमेकींशी शब्द नाही.

मी आईच्या ताटातल्या चवळीच्या तीन शेंगा उचलून टेबलावर ओळीने मांडल्या. रस्त्याकडचा तुकडा थोरलीचा. मधला धाकटीचा. विहिरीकडचा, पार मागचा, पुन्हा थोरलीचा. मी घराला एक पाळी धरली होती. म्हणून प्रोग्राम म्हणत होता, थोरलीचा मागचा तुकडा निघायला आधी धाकटीचा निघाला पाहिजे. आणि धाकटीचा निघायला आधी थोरलीचा पुढचा. दोघी एकमेकींसाठी थांबून होत्या आणि तो बिचारा त्यांच्यामध्ये फिरत होता.

गावात बसून ज्या गोष्टीकडे कोणी बोट दाखवत नाही, ती त्याने मॅडमच्या टेबलावर उघडी मांडली होती, आणि त्याला त्यांचं भांडण माहीतसुद्धा नव्हतं.

"आता काय कराव?" मी विचारलं.

मॅडम पुन्हा तशीच बसली. हात मांडीखाली. मी शेंगांकडे बघत राहिले आणि मग सुचलं. पाळी घराला द्यायचीच नाही, तुकड्याला द्यायची. सगळी यादी पुन्हा लिहिली, घरांऐवजी तुकड्यांची. दुपारची एसटी चुकली, पुढचीही चुकली. शेवटी बटण दाबलं आणि रांग खळकन पडली: थोरलीचा पुढचा, धाकटीचा मधला, थोरलीचा मागचा, एकामागोमाग, एकाच दिवसात. मी मॅडमला मिठीच मारली. तिच्या आईने शेंगा परत मागून घेतल्या, कारण त्या भाजीत जायच्या होत्या.

घटस्थापनेआधीच्या शनिवारी समाजमंदिरात बैठक. मी रांग वाचायला उभी राहिले. एकीने आधीच विचारलं, तुमच्या मशीनले सोयरेधायरे समजते का? मी म्हटलं, नाही.

"मंग तुमचं वावर कितवं?"

"शेवटून तिसरं."

सगळ्याच हसल्या. तिथून पुढे वाचणं सोपं गेलं. कोणी मध्ये थांबवून "काहून, असं का?" विचारलं, की मी पेरणीची तारीख आणि वाट सांगायची, आणि ती मान हलवायची. हात वर करायला सांगितल्यावर दोन सोडून सगळे हात वर गेले.

ते दोन कोणाचे, हे वेगळं सांगायला नको. पाळीबद्दल दोघींची तक्रार नव्हती. अडचण जेवणाची होती. आमच्याकडे रीत अशी, की ज्याच्या वावरात मशीन, त्याच्या घरून ड्रायव्हर आणि माणसांचं जेवण. सकाळी मशीन थोरलीच्या पुढच्या तुकड्यात, दुपारी धाकटीच्या, संध्याकाळी पुन्हा थोरलीच्या, आणि जेवण दिवसाला एकदाच, दुपारचं. थोरली म्हणाली, तिच्या वावरात उभ्या माणसाले माह्या घरची भाकर जाणार नाही. धाकटी म्हणाली, मागितली कोनं? आणि मी दुपारचं वाढलं तर संध्याकाळी नाव कोनाचं होईन?

अध्यक्षाबाईंनी मला सांगितलं, हे बी टाका तुमच्या प्रोग्रामात. बाया पुन्हा हसल्या, त्या दोघी सोडून. मग अध्यक्षाबाईंनी निर्णय दिला: बुधवारपर्यंत दोघींचा होकार आला तर पाळी पक्की, नाहीतर गुरुवारी ठेकेदाराला फोन.

काल मॅडमशी बोलले. तिला म्हटलं, सगळं चालतं आहे, फक्त एका दिवसाच्या जेवणाचा खाना रिकामा आहे. ती म्हणाली, रिकामा राहू द्या मावशी, प्रोग्राम अडत नाही. पुढच्या रविवारी ती मला पाऊस पडला तर रांग आपोआप सरकवायला शिकवणार आहे. मला आत्तापासून झोप नाही.

आज मंगळवार. सकाळपासून केलेली कामं: रांगेच्या प्रती काढल्या, ड्रायव्हरला नकाशा दिला, डिझेलचं सांगितलं, थोरलीकडे जाऊन चहा घेतला आणि धाकटीकडे जाऊन चहा घेतला. दोघींकडे हवापाण्याचं बोलले. जेवणाचं अजून काढलेलं नाही.