रविवारी साडेपंचवीस वाजता

रविवारी सकाळी फोन आला तेव्हा मी कर्वेनगरच्या घरी दाढी करत होतो. जपानमधल्या एका छोट्या गावातलं थिएटर. प्रेक्षक खुर्च्यांत बसलेले आणि सिनेमा सुरू होत नव्हता. सर्व्हर म्हणत होता, किल्लीची मुदत संपली.

तेव्हा जपान, कोरिया, तैवानमधली थिएटरं भराभर रिळं सोडून डिजिटलवर येत होती. सिनेमा हार्ड डिस्कवर जायचा, पण कुलूपबंद. तो उघडणारी एक छोटी फाइल म्हणजे किल्ली. ती एकाच मशीनवर चालते, आणि ठरलेल्या वेळेपर्यंतच. ही वेळ थिएटरने कळवलेल्या शेवटच्या शोवरून ठरायची. किल्ल्या बनवणारं सॉफ्टवेअर आमची पुण्यातली टीम सांभाळायची. मी टीम लीड होतो.

नव्या किल्लीला वितरकाची परवानगी लागते. रविवारी त्यांचं ऑफिस बंद. ती मिळेपर्यंत तिकडे संध्याकाळ झाली. त्या गावात सिनेमाचा तो शेवटचा दिवस होता. मालक दिवसभर दारात उभा राहून, वाकून माफी मागत लोकांना परत पाठवत होता, असं नंतर कळलं.

असं का झालं, ते मला फोन ठेवतानाच समजलं होतं.

त्या थिएटरने शेवटच्या शोची वेळ कळवली होती : रविवार, २५:३०. सॉफ्टवेअरने ती नाकारली. टीममध्ये जपानी येणारी मेधा होती. मूळची यवतमाळची, सदाशिव पेठेत खोली घेऊन ती भाषा शिकलेली. ती म्हणाली, "सर, मध्यरात्रीनंतरचा शो तिकडे असाच लिहितात. साडेपंचवीस म्हणजे सोमवार उजाडायच्या आधीचा रात्रीचा दीड. तारीख पुढे न्यावी लागेल."

"घड्याळात पंचवीस कुठे असतात, मॅडम?"

"तुमच्या घरी तिथी सूर्योदयापासून धरतात ना? ती कुठे मध्यरात्री बदलते? तसाच त्यांचा दिवस शेवटचा शो सुटेपर्यंत असतो."

टीम हसली. माझ्यावर हसली, असं मला वाटलं. शिवाय तारखेला हात लावायचा तर सगळं टेस्टिंग पुन्हा करावं लागणार होतं, आणि सॉफ्टवेअरचं रिलीज तोंडावर. मी सरळ नियम घातला : आकडा चोवीसच्या पुढे गेला की त्यातून चोवीस वजा. तारीख तीच. झालं रविवारी दीड. रविवार उजाडायच्या आधीच किल्ली बाद.

सोमवारी मॅनेजर कुलकर्णी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मेधाला नाही. क्लायंटचा कॉल यायचा होता.

"एका वाक्यात सांगा. चूक कोडची की भाषांतराची?"

"भाषांतराची."

"सुटलो. कोडची असती तर अवघड होतं."

मेधा पुढच्या महिन्यात ओसाकाला ऑनसाइट जाणार होती. व्हिसा आला होता. भाषेतच चूक करणाऱ्या माणसाला जपानला कसं पाठवणार, असं ठरलं आणि तिच्या जागी माझं नाव गेलं. मी नाही म्हटलं नाही. तिने काही महिन्यांनी नोकरी सोडली.

ओसाकाला पहिल्याच आठवड्यात एका थिएटरबाहेर बोर्ड पाहिला. २४:५०, २५:३५. लोक निवांत तिकिटं काढत होते.

मेधा आता जपानीचे क्लास घेते. नंबर माझ्याकडे बरीच वर्षं होता. यंदा फोन केला आणि सगळं सांगितलं.

"सर, मला त्याच सोमवारी कळलं होतं. तो नियम कोणी घातला, ते सिस्टिममध्ये दिसतं की."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

मग क्लासची वेळ झाली म्हणून तिने फोन ठेवला.

नवीन इंजिनिअरांना मी एवढंच शिकवतो : वेळ लिहून घेण्याआधी समोरच्याचा दिवस कधी संपतो, ते विचारा. इतकी वर्षं हे माझ्या अनुभवाचं म्हणून सांगत होतो. आता मेधाचं नाव घेऊन सांगतो.