मापकाकूंच्या टेपला कळलेला खांदा

तलावासमोरच्या गल्लीत मापकाकूंचं शिवणाचं दुकान होतं. अरुंद खोली, दोन मशीन, एक उभा आरसा. आमच्या पोहण्याच्या क्लबचे ट्रॅकसूट पंचवीस वर्षं त्याच शिवत. माप कधी लिहून ठेवत नसत. एकदा घेतलं की डोक्यात पक्कं.

मी सोळा वर्षांची असताना माझा उजवा खांदा दुखायला लागला. रोज सहा-सात किलोमीटर पोहणं चाललं होतं. पुढेपुढे वेणी घालायला हात वर नेला तरी कळ यायची. निवड चाचणी दोन महिन्यांवर आलेली. क्लबच्या सरांना सांगितलं तर पाण्याबाहेर बसवतील, म्हणून मी मूग गिळून गप्प बसले. आईलाही पत्ता लागू दिला नाही.

त्याच सुमारास नव्या जॅकेटच्या मापाला गेले. काकूंनी पाठीवर टेप धरला, थांबल्या, पुन्हा धरला. मग मला आरशासमोर उभं केलं.

"गेल्या वर्षी दोन्ही खांदे सारखे होते," त्या म्हणाल्या. "आता उजवा बोटभर पुढे आलाय. कधीपासून दुखतोय?"

मी थक्कच झाले. घरातल्या कुणाला दिसलं नव्हतं ते या बाईला टेपच्या एका फेरीत दिसलं होतं. सगळं खरं सांगून टाकलं.

मशीनवर वाकून वाकून आपलाही खांदा असाच झालाय, फक्त आपल्याला कुणी पदक देत नाही, असं म्हणून त्या हसल्या. भरदुपारी दुकान बंद करून मला सरांच्या घरी घेऊन गेल्या. सर रागावले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आम्हा दोघींना फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं.

बाईंनी हात सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. छातीचे स्नायू आखडून खांद्याला पुढे ओढत होते, पाठीचे दमून सैल पडले होते. त्यात मी श्वास नेहमी एकाच बाजूने घ्यायची. हे कुणाच्या लक्षात आलं, असं त्यांनी विचारलं. सरांनी काकूंकडे बोट दाखवलं. बाई क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"मुली माझ्याकडे येतात त्या हात उचलेनासा झाल्यावर," त्या म्हणाल्या. "ही वेळेत आली."

निवड चाचणी हुकणार हे तिथेच ठरलं. मी चार दिवस उशीत तोंड खुपसून रडले. मग दोन महिने रबरी पट्टा ओढण्याचे व्यायाम, पाण्यात नुसतं पाय मारणं, दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला शिकणं. हळूहळू हात मोकळा झाला.

पुढच्या वर्षी माझी निवड झाली. चाचणीच्या दिवशी काकू पहिल्यांदाच तलावावर आल्या होत्या. घड्याळाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मी बाहेर आले तेव्हा अंगावरून पाणी निथळत होतं, तरी त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवले आणि डोळे मिटून घेतले. मीही श्वास रोखून उभी राहिले.

"सारखे आहेत," त्या म्हणाल्या.