मधल्या फळीतला पाहुणा

मुंबईतल्या एका फुटबॉल क्लबात मी आठ वर्षं मालिशवाला होतो. कागदावर माझं पद 'मसाजर' असं लिहिलेलं होतं. खेळाडू मला नुसतं भाऊ म्हणत. हे काम मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. जालना जिल्ह्यातल्या मंठ्यापासून थोडं आत आमचं गाव, आणि आमचं घर मेंढरं पाळणाऱ्यांचं. एक्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला मी दहा-अकरा वर्षांचा होतो. माझे थोरले चुलते, ज्यांना सगळे आबा म्हणत, मेंढराचा निखळलेला पाय बसवायचे आणि मी ते जनावर दाबून धरायचो. हळूहळू माणसंही यायला लागली. कुणाचा खांदा उतरलेला, कुणाचा घोटा मुरगळलेला. आबा आधी हात लावायचे, सगळीकडून चाचपून बघायचे आणि मगच बोलायचे. माझ्या बोटांना जे काही कळतं ते तिथलं आहे.

तो जपानी खेळाडू आमच्या क्लबात आला तेव्हा दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. वय तिशीच्या जरा पुढं. तो मधल्या फळीत खेळायचा. मागच्या खेळाडूंकडून चेंडू घ्यायचा आणि पुढच्यांना द्यायचा. चेंडू पायाशी यायच्या आधी तो दोनदा मान वळवून मागं बघून घ्यायचा, त्यामुळं चेंडू आल्यावर त्याला विचार करावा लागत नसे. पहिल्या आठवड्यात मी त्याला विचारलं, तू गोल करतोस का? त्यानं नाही अशी मान हलवली. मैदानावरच्या पोरांकडून उचललेल्या हिंदीत म्हणाला, "मैं गोल नहीं. मैं गोल से पहले."

त्याची सगळी कारकीर्द मला मालिशच्या टेबलावर कळली, तीही तुकड्यातुकड्यानं. अठराव्या वर्षी त्याला त्याच्या देशातल्या एका व्यावसायिक क्लबानं घेतलं. दोन वर्षं तो नुसता बाकावर बसून होता. तिसऱ्या वर्षी संघात आला आणि सलग चार हंगाम खेळला. त्याच्याबद्दल पेपरात चांगलं लिहून यायचं. मग उजवा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, परत आला, परत तोच गुडघा गेला. दुसऱ्या ऑपरेशननंतर क्लबानं त्याला बोलावून घेतलं, चहा दिला आणि पुढच्या वर्षी तुमची गरज नाही म्हणून सांगितलं. हे सांगताना तो माणसं किती नम्रपणे बोलत होती तेच सांगत राहिला. पुढं एका लहान क्लबात, मग सिंगापुरात, मग आमच्याकडं. प्रत्येक वेळी मैदान जरा खराब आणि गुडघा जरा सुजलेला.

डिसेंबरात सूज उतरेना. क्लबाच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि खेळायला हरकत नाही म्हणाले. प्रशिक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की शेवटच्या चार सामन्यांना तो उभा राहिला पाहिजे, कसंही कर. जानेवारीत दहा दिवसांची सुट्टी पडली. बाकीचे परदेशी खेळाडू गोव्याला गेले. ह्याला कुठं जायचं नव्हतं. मी गावाकडं निघालोय आणि माझे चुलते हाडंसांधे बघतात, असं बोलता बोलता सांगून गेलो. त्यानं लगेच विचारलं, मला नेशील का?

सकाळी जालन्याला उतरलो. तिथून मंठ्यापर्यंत एसटी आणि पुढं काळीपिवळी जीप. जीपमध्ये तो पाय लांब करून बसावा म्हणून दोन बायांनी आपली गाठोडी मांडीवर घेतली. रस्ताभर दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. त्यानं विचारलं की हे उंच गवत कशासाठी लावतात. मी सांगितलं, गवत नाही, आमची भाकरी आहे.

आईनं त्याला पिठलं-भाकरी वाढली. तो चुलीपाशी खालीच बसला, पण उजवा पाय त्याला मुडपता येईना. आबांनी जेवता जेवता ते बघितलं. तेव्हा आबा सत्तरीच्या घरात होते आणि मेंढरं पंधरा-वीसच उरली होती. जेवण झाल्यावर त्यांनी अंगणात घोंगडी अंथरली आणि पाहुण्याला उताणं झोपवलं. आधी त्यांनी डावा गुडघा पाहिला, चांगला कसा आहे ते कळावं म्हणून. मग उजवा. दोन्ही तळव्यांत धरून वाकवला, सरळ केला, टाच किंचित फिरवली. कान जवळ नेला. ऑपरेशनच्या खुणांवरून अंगठा फिरवला. तो आबांच्या तोंडाकडं बघत होता. एवढी मोठमोठी इस्पितळं बघितलेला माणूस आमच्या अंगणात श्वास रोखून पडला होता.

मग आबा म्हणाले, "आतून ह्याला धरणारं काही राह्यलं न्हाई. चालंल, बसंल-उठंल, कामधंदा करंल. पण पळू नको म्हणावं. बिलकुल न्हाई. मागं वळायला जाईल आन् त्याच वख्ताला गुडघा जाईल."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "क्या बोला?"

त्याच आठवड्यात त्यानं मला एक गोष्ट सांगितली होती. जपानातल्या त्याच्या गावाकडच्या एका लहान क्लबानं कळवलं होतं की हा हंगाम तू पूर्ण खेळून दाखव, मग आपण बोलू. एक वर्ष घरच्या लोकांसमोर खेळायचं आणि थांबायचं, एवढंच त्याला हवं होतं. प्रशिक्षकांचं बोलणंही माझ्या कानात होतं. पण ह्या दोन्ही सबबी मी नंतर जुळवल्या असाव्यात. त्या क्षणी मला फक्त त्याचा चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर काय होईल ते मला बघायचं नव्हतं.

"पंधरा दिन आराम," मी म्हणालो. "फिर ठीक."

त्यानं डोळे मिटले. मग उठून बसला आणि कमरेतून वाकून आबांना नमस्कार केला, तीनदा.

आबांचं लहानपण निजामाच्या राज्यात गेलेलं. हिंदी, दखनी त्यांना चांगली समजायची. त्यांनी रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले. दुपारी मेंढरांमागं निघाले तेव्हा मला हाक मारून बरोबर नेलं आणि बांधावर थांबले.

"मी सांगितलं ते तू त्याला न्हाई सांगितलं."

मी म्हणालो, आबा, त्याचं सगळं आयुष्य त्यात आहे, एकदम कसं सांगू.

"त्यानं माझ्या हातात पाय दिल्ता. जवाब त्याचा व्हता. तुझा न्हाई." मग म्हणाले, "जायच्या आधी सांग त्याला. बराबर सांग."

सांगतो म्हणालो. पाहुणा चार दिवस राहिला. आबांनी वाटलेला लेप सकाळ-संध्याकाळ लावायचा, अंगणात बसून हुरडा खायचा आणि हसायचा. सूज खरंच उतरली. रोज मी ठरवायचो आणि रोज उद्यावर ढकलायचो. जालन्याच्या फलाटावर गाडी पाऊण तास उशिरा होती. शेजारी बसून आम्ही शेंगा खाल्ल्या. तेवढा वेळ पुरेसा होता.

शेवटच्या चारपैकी पहिला सामना तो पूर्ण खेळला आणि फार सुंदर खेळला. दुसऱ्या सामन्यात, मध्यंतरानंतर, चेंडू त्याच्याकडं येत होता. नेहमीसारखं त्यानं मागं पाहिलं आणि वळला. जवळ कुणी नव्हतं. तो खाली बसल्यासारखा पडला. मी पिशवी घेऊन धावलो. गुडघ्याला हात लावताच मला कळलं. आत काहीच घट्ट नव्हतं.

इस्पितळात तिसऱ्या दिवशी त्यानं मला विचारलं. सावकाश, शब्द शोधून. "गाँव में, चाचा क्या बोला? सच में."

मी सांगितलं. आबांचे शब्द जसेच्या तसे, जमेल तसे हिंदीत. तो शेवटपर्यंत ऐकत होता. मला वाटलं होतं तो ओरडेल. त्यानं चादर गुडघ्यावर ओढून घेतली आणि जा म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं क्लबात निरोप पाठवला की मालिशला दुसऱ्या माणसाला पाठवा. महिनाभरानं तो मायदेशी गेला. कधी गेला ते मला तीन दिवसांनी कळलं.

उन्हाळ्यात गावी गेलो. आबांनी विचारलं, "पळाला का तो?" मी हो म्हणालो. त्यांनी परत कधी विषय काढला नाही, पण माझ्यासमोर कुणाच्या सांध्याला हात लावायचं त्यांनी बंद केलं. कुणी पेशंट आला की मला काहीतरी काम सांगून बाहेर पाठवायचे. दोन वर्षांनी ते गेले. मला काढलं कुणी नव्हतं, पण त्यानंतर मी क्लब सोडला आणि मंठ्यात एक खोली घेऊन हेच काम करू लागलो.

आमच्यातला एक खेळाडू पुढं कामासाठी जपानला जाऊन आला. त्याच्याकडून कळलं की आमचा तो पाहुणा मोटार चालवायला शिकवण्याच्या एका शाळेत आहे, दिवसभर शेजारच्या सीटवर बसून असतो, लंगडतो. त्याच्याकडूनच पत्ता घेऊन मी पत्र लिहिलं. हिंदी, पण इंग्रजी अक्षरांत, म्हणजे त्याला वाचता येईल. त्यात मी कारणं लिहिली नाहीत. चूक माझी होती एवढंच लिहिलं.

अडीच महिन्यांनी पाकीट परत आलं, न उघडलेलं. वर जपानीत छापलेली एक लहान चिठ्ठी डकवलेली आणि तिच्यातल्या एका चौकटीत पेनानं खूण केलेली. तो पत्ता सोडून गेला, की त्यानं पत्र घेतलं नाही, ते त्या खुणेवरून कळत असणार. मंठ्यात ते वाचणारं कुणी नाही. मीही दुसरीकडं कुठं वाचून घेतलं नाही.