चार ओहमचे स्पीकर

वडील गेल्यावर त्यांचे लाकडी स्पीकर मी बसवनगुडीच्या आमच्या घरी आणले. नवऱ्याने ते घरातल्या लहानशा ॲम्प्लिफायरला जोडले. पण आवाज जरा वाढवला की ॲम्प्लिफायर तापून बंद पडायचा.

"स्पीकर गेलेत. भंगारात देऊन टाक," तो म्हणाला. माझ्या मोठ्या भावानेही त्याचीच री ओढली.

मी ऐकलं नाही. स्पीकरच्या पाठीवर चार ओहम लिहिलं होतं आणि ॲम्प्लिफायरवर किमान आठ. ओहम जितके कमी, तितका ॲम्प्लिफायरवर ताण जास्त. त्या बिचाऱ्याला हा भार झेपतच नव्हता, मग दोष स्पीकरचा कसा?

राजाजीनगरच्या दुकानात मी चार ओहमला चालेल असा ॲम्प्लिफायर मागितला. दुकानदार नवऱ्याकडे बघून म्हणाला, "सर, नवा सेटच घ्या. मॅडमना स्वल्प आवाज पुरेल."

"किती पुरेल ते मॅडम सांगतील," मी म्हणाले. "स्पीकर गाडीत आहेत. इथेच जोडून बघू."

त्याने नाइलाजाने ते तसल्या एका ॲम्प्लिफायरला जोडून गाणं लावलं. तबल्याचा डग्गा असा घुमला की काउंटरची काच थरथरली. बराच वेळ वाजवूनही ॲम्प्लिफायर जेमतेम कोमट झाला. नवऱ्याने आवाज कमी करायला हात पुढे केला.

"राहू दे," मी म्हणाले आणि बटण आणखी थोडं फिरवलं.